माहेरचा रकाना

६ जानेवारी २००३, सोम.
खोली मिळाली. दवाखान्याच्या वरची, सलाईनची खोकी ठेवायचे ती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजपासून तुझी. हवं ते ठोक, नको ते काढ." दोन जुने कॉम्प्युटर दादाने औरंगाबादहून जीपमधे आणले, गोधड्यांत गुंडाळून. आईचा निरोप, गोधड्या परत पाहिजेत.
झाडून घेतलं. खिडकीची काच पुसली. पुण्याच्या कंपनीत माझ्या टेबलाला ड्रॉवरसुद्धा नव्हता आणि परतूरला अख्खी खोली. आनंद व्हायला पाहिजे होता. थोडी वाट बघितली. झाला नाही.
जिना बाळंतिणींच्या वॉर्डाच्या दारावरून वर येतो. येताजाता कठड्याकडे बघायचं ठरवलंय.

९ जाने.
वायरमन आला. अर्थिंगच नाही, म्हणून कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या. मागच्या अंगणात खड्डा खणला, मीठ आणि कोळसा भरला. "ताई, इथं रोज बादलीभर पानी टाकत जा. न्हाई तर उन्हाळ्यात मशीन चटका देईल." रोज सकाळी खड्ड्याला पाणी. बाईंच्या कंपाउंडरला वाटतं मी झाड लावलंय. दोनदा विचारलं त्याने, कशाचं.

१३ जाने., सोम.
बाईंना काय पाहिजे ते नीट लिहून घेतलं. अकरा जाडजूड रजिस्टरं. पेशंट बाई आली, नाव टाकलं की आधी कधी आल्ती, रक्तगट कोणता, कोणतं औषध सोसत नाही, सगळं समोर दिसायला पाहिजे. कार्ड दिलं तर बायका घरी विसरतात, नाहीतर लेकरं फाडतात. आजवर हे सगळं मीरा सिस्टरच्या डोक्यात. सत्तावीस वर्षं इथे आहे. बाई दारात उभी राहिली की ही बरोबर पान काढते. बाई म्हणाल्या, "ती रिटायर झाली की माझा दवाखाना आंधळा."

१४ जाने.
संक्रांत. सं.चा फोन नाही. (नवऱ्याचं नाव एवढंच लिहायचं, पुरतं.) बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं, परवा तीन महिने होतील. स्टेशनवर सोडताना म्हणाला होता, महिनाभर आराम कर, न्यायला येतो. शेजारच्या काकू वाण घेऊन आल्या. "मंगल, कवा जानार ग सासरी?" म्हटलं, खोलीत काम आहे. आईने विषय बदलला. तिळगूळ कडक झाला होता.

१७ जाने.
जिनिंग जोरात चालू आहे. खिडकी उघडली की कापसाचे तंतू आत येतात आणि कॉम्प्युटरच्या पंख्यात जाऊन बसतात. मागच्या जाळीवर आईच्या जुन्या नऊवारीचा तुकडा बांधला. दर शनिवारी धुवायचा. दादा म्हणतो, मशीनला पण पदर दिला हिने.

२० जाने., सोम.
सिस्टरशी वाजलं. जुन्या रजिस्टरात पहिला रकाना नाव, दुसरा माहेर, तिसरा सासर. माझ्या फॉर्मवर नाव, पतीचं किंवा वडिलांचं नाव, आडनाव, गाव, वय. ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.
"अन् माहेर कुठं लिवायचं?"
"त्याची गरज नाही सिस्टर."
"गरज न्हाई कशी? बाई सापडंल कशी मंग?"
म्हटलं, कॉम्प्युटर नावावरून शोधतो, माहेरावरून नाही. असं म्हणाले जसं काही मला दहा वर्षांचा अनुभव आहे. ती उठली. खाली जाताना म्हणाली, "तुमचं शिक्षन जास्त."
खरं कारण निराळं आहे. आल्यापासून ज्याला त्याला हेच विचारायचंय, माहेरी किती दिवस. निदान माझ्या खोलीत तो शब्द नको होता. रकाना टाकायला पाच मिनिटं लागली असती.

१२ फेब्रु.
जुन्या नोंदी भरणं चालू. सिस्टर दुपारी दोन ते चार वाचून दाखवते, मी टाइप करते. लाल शाईने लिहिलेलं असलं म्हणजे औषधाची रिॲक्शन, त्याला चौकटीत टिक. सिस्टर प्रत्येक नावापुढे थांबते. "ही वाटूरची, हिचा भाऊ मास्तर हाय. ही सातोन्याची, लई गुनी पोरगी." मी म्हणते, पुढे. ती म्हणते, "जल्दी काय हाय तुला?" आज सहावं रजिस्टर संपलं.
प्रत्येक नोंदीखाली छोट्या अक्षरात येतं, नोंद करणार: मंगल. ते मी उगाचच टाकलंय. दिसलं की बरं वाटतं. बरं म्हणजे थोडं.

३ मार्च, सोम.
सुरू झालं. फरशीला भोक पाडून केबल खाली केसपेपरच्या खिडकीपर्यंत नेली, पण खालचं मशीन मधेच बंद पडतं. तेव्हा खालून नाव ओरडायचं, मी वरून सांगायचं. पहिलीच बाई आष्टीची, चार वर्षांपूर्वीचं सगळं निघालं. ती घाबरली. "माझं नाव याच्यात कुनी टाकलं?" बाई हसल्या, पेढे मागवले. जालन्याचे दोन डॉक्टर जूनमधे बघायला येणार आहेत. आवडलं तर त्यांनाही पाहिजे. बाई म्हणाल्या, "मग वरची खोली पुरायची नाही तुला."
पेढा खाल्ला. गोड होता, एवढं कळलं.

२० मार्च
सं.चा फोन. आवाज बरा होता. म्हणाला, अजून थोडं थांब, इकडे जरा... पुढे काय ते बोललाच नाही. मी पण विचारलं नाही. दोघंही ट्रंक कॉल असल्यासारखे बोललो. ठेवल्यावर खोलीत आले, लाईट गेली होती. बॅटरीवर वीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात रक्तगटाचा रिपोर्ट पूर्ण केला.

१७ एप्रिल, गुरु.
लिहायचं नव्हतं. लिहिते.
सकाळी अकराला एक पहिलटकरीण आली. सासर राजूरचं, बाळंतपणाला माहेरी आलेली. आई सोबत. तिचा दीर जालन्याला कॉलेजात आहे, त्याला निरोप दिला होता, तोही गाडीने आलेला. पाणी जाऊन बरेच तास झालेले, बाईंनी अँटिबायोटिकचं इंजेक्शन सांगितलं. मीरा सिस्टर आज रजेवर. नव्या सिस्टरने खालून ओरडून नाव सांगितलं, वैशाली ज्ञानेश्वर ठोंबरे, राजूर. मी टाकलं. काही आलं नाही. वरूनच म्हटलं, "जुनी नोंद नाही, नवी आहे." बस. एवढंच केलं मी.
एरवी टेस्ट म्हणून आधी हातावर थोडंसं टोचून अर्धा तास थांबतात. नवी सिस्टर थांबली नाही. पाच मिनिटांत खाली आरडाओरडा. पोरीचे हातपाय ताठ, डोळे पांढरे, ओठ निळे. दीर दारातून बघत होता. बाई धावत आल्या, दुसरं इंजेक्शन, ऑक्सिजन. वाचली. मुलगा झाला. बराच वेळ रडला नाही. त्याला दुपारी जीपमधून जालन्याला नेलं, दादानेच नेलं.
मी जिन्यात उभी होते. कठड्याला धरून.

१८ एप्रिल, शुक्र.
मीरा सिस्टर आली. कॉटजवळ गेली आणि तिथूनच ओरडली, "अग ही तर सातोन्याची सुमन!" खरंच ती. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं, वैशाली. बापाचं नाव गेलं, नवऱ्याचं आलं. आडनाव गेलं. गाव गेलं. माझ्या फॉर्मवरचे चारही रकाने बदलले. वयसुद्धा.
तीन वर्षांपूर्वी काखेत गळू झालं म्हणून इथेच आल्ती. तेव्हाही याच इंजेक्शनने अंगावर उठलं होतं, श्वास लागला होता, घरच्यांना मात्र ते इंजेक्शनमुळे असं कोणी सांगितलं नव्हतं. लाल शाई. सिस्टरने पान काढून दिलं. मी वर जाऊन बघितलं. सुमन किसन आढाव, सातोना. टिक आहे. नोंद करणार: मंगल.
नवी सिस्टर रडत होती. "ताईनं सांगितलं जुनं काही न्हाई, म्हनून दिलं." तिने टेस्ट करायलाच पाहिजे होती, हे खरं. पण आधी ती करत होती. मशीन आल्यावर सोडलं.
सिस्टरने रजिस्टर मिटून जागेवर ठेवलं. मला बोलली असती तर बरं झालं असतं.

२१ एप्रिल, सोम.
अशा दोन नावांनी नोंदलेल्या बायका किती आहेत ते शोधायला बसले. शोधता येत नाही. ते शोधायला माहेर लागतं.

२९ एप्रिल
बाळ जालन्याहून परत आलं. तिथले डॉक्टर म्हणाले, आत्ता चांगलं आहे, मान धरायला लागेल तेव्हा पुढचं सांगू. सुमनची आई वर आली, जिना चढून, धापा टाकत. नारळ दिला. "तुमच्या मशीनमुळं माझी पोरगी वाचली म्हनतेत." कोण म्हणतं ते नाही सांगितलं. नारळ घेतला. काय करायला पाहिजे होतं?
घरी आईने खोबऱ्याची चटणी केली. मी खाल्ली नाही, पोट दुखतं म्हटलं.

१० मे, शनि.
सुमनची आई परत आली. या वेळी नारळ नव्हता. बारशाला राजूरहून कोणी आलं नाही. दिराने घरी सांगितलं, वहिनीला मिरगी येते, डोळ्यांनी बघितलं. सासऱ्याचा निरोप, रोगट पोरगी लपवून आमच्या गळ्यात बांधली, आता तिकडंच ठेवा. नवरा बापापुढे बोलत नाही.
"डॉक्टरबाईला म्हना, येक कागद द्या. पोरीला मिरगी न्हाई, इतकंच लिवून द्या. बाई म्हनतेत, असं कवा कवा होत असतं. कशानं होतं ते तर लिवा की!"
मला माहीत होतं कशाने. तिच्यासमोर उभी राहून कॉम्प्युटरचा पंखा पुसत राहिले.

१२ मे, सोम.
बाईंशी बोलले. रागावल्या नाहीत, दार लावून घेतलं फक्त. मिरगी नाही एवढं लिहिलं तर सासरा विचारणार, मग काय झालं होतं. इंजेक्शन लिहिलं की दुसऱ्या दिवशी दारात गर्दी. "तीस वर्षं या गावात आहे मी मंगल. आणि तुझ्या मशीनचं काय? जालन्याचे लोक येणार आहेत. ही गोष्ट बाहेर गेली तर कोण घेईल? खोली कशासाठी ठेवू मग मी?" वाईट बाई नाही. पोरीला वाचवलं तिनेच. मी मान हलवली आणि वर आले.
खरं लिहायचं तर खोलीचाच विचार आला पहिल्यांदा. घरी दिवसभर बसायचं, आणि काकूंना उत्तर द्यायचं. नको वाटलं.

१९ मे, सोम.
फॉर्ममधे माहेर घातलं. माहेरचं नाव, वडील, गाव. सिस्टर शेजारी बसून राहिली. अकरा रजिस्टरं परत पहिल्यापासून. ती वाचते, मी पुढे म्हणत नाही आता.
मधेच म्हणाली, "सुमनची आई रोज गाडीच्या टायमाला ठेसनावर येती म्हनं. राजूरचं कुनी उतरतंय का बघायला." मी टाइप करत राहिले. एकच नाव दोनदा पडलं, पुसावं लागलं.
पुण्याहून पार्सल. माझी सर्टिफिकेटं, दोन साड्या, हिवाळ्याचा स्वेटर. चिठ्ठी नाही. आईने साड्या कपाटात ठेवल्या. रडू येईल असं वाटलं, तेही नाही आलं.

१ जून, रवि.
सातोन्याला गेले, सिस्टर सोबत होती. शेताकडेला घर, दारात दोन शेरडं. सुमन बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. एकोणीस वर्षांची असेल. मी सांगितलं. सगळं, आधीपासून. लाल शाई, रकाना, वरून ओरडले ते.
तिची आई म्हणाली, "म्हंजी तुमाला दीड महिना ठाव होतं?" हो म्हटलं. तिने तोंडाला पदर लावला आणि आत गेली. तिच्या पायांचा आवाज येत राहिला.
सुमन रागावली नाही. तेच अवघड गेलं. म्हणाली, "ताई, मला वाटून राह्यलं होतं खरंच मला मिरगी हाय. झोपायची भ्या वाटती, लेकरू जवळ आसतंय." मग म्हणाली, "हे तिकडं सांगाल का? आमच्या कुनाचं ऐकत न्हाईत ते."
मी हो म्हटलं नाही. बघते म्हटलं. गाडीने परत आलो. उतरताना सिस्टर बोलली, "मी तवाच जोर लावून सांगायला पायजे होतं रकान्याचं. पर तू शिकलेली."

१३ जून, शुक्र.
कागद तयार केला. चार वेळा लिहिला, चार वेळा मोठा झाला, शेवटी पाच ओळी ठेवल्या. प्रिंटर करकरला. दवाखान्याचा शिक्का नाही, कोरा कागद, खाली माझी सही.
बाईंना दाखवला. चोरून न्यायचा नव्हता. चष्मा लावून वाचला, दोनदा. म्हणाल्या, "नव्या सिस्टरचं नाव घातलं नाहीस." नाही म्हटलं. "माझंही नाही." नाही. "कळायचं ते कळेलच लोकांना." मग म्हणाल्या, "तू गेलीस तर सोमवारी खोलीचं काय करायचं ते मला ठरवावं लागेल. आत्ता विचारू नकोस." मी विचारलं नाही. जालन्याचे डॉक्टर पुढच्या शुक्रवारी येणार आहेत. बॅकअप सीडीवर घेऊन ठेवला, सीडी सिस्टरकडे दिली. कशी वापरायची ते तिला येत नाही, पण कुठे ठेवलीय ते ती विसरणार नाही.

१५ जून, रवि.
सकाळची पॅसेंजर, जालन्याहून एसटी. चतुर्थी नाही म्हणून राजूरच्या गणपतीला गर्दी नव्हती. प्रसादाच्या दुकानात ठोंबऱ्यांचं घर विचारलं. सासरे ओसरीवर सरकीच्या पिशव्या उघडून बघत होते. सासूबाई ज्वारी पाखडत होत्या. नवरा शेतात गेलेला.
"परतूरच्या दवाखान्यातून आले."
"दवाखान्याचं अन् आमचं काय राह्यलं आता?"
कागद दिला. त्यांनी मोठ्यांदा वाचला, एकेक शब्द तोडून. 'सौ. वैशाली यांना सतरा एप्रिलला जे झाले ते इंजेक्शनमुळे झाले. त्यांना मिरगी नाही. ते औषध त्यांना सोसत नाही हे दवाखान्यात आधीपासून लिहिलेले होते. मी केलेल्या कॉम्प्युटरच्या कामात ते दिसले नाही. चूक माझी आहे.'
"डॉक्टरची सही कुठंय याच्यावर?"
"नाही. माझी आहे."
"तुमच्या सहीला कोन इचारतंय?"
"कोणी नाही. पण नाव मीच शोधलं होतं. सापडलं नाही असं मीच सांगितलं."
"मंग दोन महिने काय करून राह्यल्या होत्या?"
भीती वाटत होती, म्हटलं. काम जाईल म्हणून. ते आता शिव्या देतील असं वाटलं, बरं झालं असतं. त्यांनी कागदाची घडी घातली, आणखी एक घातली.
सुपाचा आवाज थांबला होता. सासूबाईंनी विचारलं, "लेकराचं वजन किती भरलं?" ते मला माहीत होतं, ग्रॅमसकट. जन्माचं, जालन्याहून आल्यावरचं, परवाच्या लशीच्या डोसाचं. सगळं सांगितलं. रक्तगट पण सांगितला.
"अन् कोनावर गेलंय?"
मी तोंड उघडलं. सातोन्याला तासभर बसले होते, बाळ माझ्यापासून हातभर अंतरावर, आईच्या मांडीवर. दुपट्याचं ठिगळ आठवलं, तळपायाची तीट आठवली. तोंड आठवेना. मी बघितलंच नव्हतं.
"बघितलं नाही," म्हटलं.
"न्हाई बगितलं? इतक्या लांब त्याच्यासाठी आल्या, अन् त्याचं तोंड न्हाई बगितलं?"
लाज वाटली. ऑक्टोबरपासून मला काही नीट वाटलं असेल तर ती ही लाज. कानापर्यंत गरम झालं. सांगणार काय, की मी माझ्याही बाळाचं बघितलं नाही, नर्सने दोनदा विचारलं होतं, बघायचंय का, आणि मी भिंतीकडे वळले. ते सांगितलं. कसं सांगितलं गेलं माहीत नाही, त्या परक्या ओसरीवर.
सासूबाई उठल्या, पदराला हात पुसले, पाणी आणून दिलं. मी पिऊन होईपर्यंत उभ्या राहिल्या. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "मी बगून येते. तुमी या नाहीतर नका येऊ."
सासऱ्यांनी कागद सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि सरकीच्या पिशव्या परत बांधायला लागले.
चारच्या एसटीने निघाले. उद्या सोमवार.